आठ दिवसांचा थायरॉईड

थायरॉईड हा घरंदाज आजार आहे, हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी जयपुरात कळलं. तो चारचौघांत सांगता येतो, रजेच्या अर्जात लिहिता येतो, सासूबाईंना फोनवर कळवता येतो. ऐकणाऱ्याची मान खाली जात नाही. उलट तो लगेच आपल्या घरातले दोन-तीन थायरॉईड काढून पुढ्यात मांडतो. मला दुसरं जे काही झालं असण्याची शक्यता होती, त्याला आमच्या घरात नावच नव्हतं. हे त्याला नुसतं "ते" म्हणायचे. "ते असेलही, पण नसेलही," असं म्हणून चष्मा पुसायला घ्यायचे.

हे म्हणजे माझे यजमान, पंढरीनाथ. सांगानेरला हातकागदाच्या कारखान्यात तपासनीस आहेत. प्रत्येक कागद उजेडासमोर धरायचा, डाग, भोक, गुठळी काही दिसतंय का बघायचं आणि पास, सेकंड किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा, हे काम ते एकवीस वर्षं करताहेत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावचे. दोन वर्षांसाठी म्हणून जयपूरला आलो आणि बनी पार्कातल्या भाड्याच्या घरात मुरलो. मुलगी सावनी इथेच जन्मली, आता इथेच कॉलेजात जाते. "मम्मी, तू ना, मतलब, खूपच गुस्सा करते आजकल," हे वाक्य ती मराठी समजून बोलते.

तर डिसेंबरातल्या एका दुपारी मी पंखा लावला. एवढंच झालं. जयपूरची थंडी ज्यांनी काढली आहे त्यांना यातलं गांभीर्य कळेल. बाहेर ऊन नावाला, घरात हे कानटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून रजईत, आणि मी पाचवर पंखा करून पदराने मान पुसते आहे. ह्यांनी रजईतून नाक बाहेर काढलं.

"अगं, काय करतेस?"

"उकडतंय."

"कुणाला?"

या प्रश्नावर मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. पण त्यानंतर ह्यांनी मला उजेडासमोर धरल्यासारखं बघितलं, आणि तिथून सगळ्याला सुरुवात झाली.

खरं तर माझं बरेच महिने बिनसलेलं होतं. झोप तुटायची. बसल्या जागी छातीत धडधडायचं. केस विंचरले की कंगव्यात निम्मा शेपटा यायचा. वजन चार किलोंनी वाढलं होतं. पाळी दोन महिने बेपत्ता व्हायची आणि मग पंधरा दिवसांत दोनदा हजेरी लावायची. मी एका शाळेच्या लायब्ररीत काम करते. तिथे मुख्याध्यापिकांनी पुस्तकांची मोजणी पुन्हा करायला सांगितल्यावर मी त्यांना "आप ही गिन लीजिए" असं म्हणाले होते. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे थकवा. दळणाचा डबा उचलायचा तर आधी खुर्चीवर बसून त्याच्याकडे बघत राहायचं, असला थकवा.

मला रोगाच्या नावाशी काही देणंघेणं नव्हतं. मला आडवं व्हायचं होतं. दुपारी तासभर, कोणी काही न विचारता. पण आमच्या घरात आडवं व्हायला कारण लागतं, आणि "दमले" हे कारण धरत नाहीत. ताप धरतात. पाय मोडला तर नक्कीच धरतात. दमणं हे बाईच्या बाबतीत हवामानासारखं आहे. असतंच, त्याची कोणी नोंद घेत नाही. "वयाचं आहे" असं एकदा ठरलं असतं तर माझा निकाल लागलाच होता, कारण वयाला रजा नसते. म्हणून खरं सांगते, मी मनातून थायरॉईडच्या बाजूने होते.

त्यात संक्रांत तोंडावर आलेली. आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू सुधावहिनींच्या ताब्यात असतं. त्यांचे यजमान फौजेत सुभेदार आहेत, पण हुकूम सोडायचा वकूब वहिनींचा. डिसेंबरातच त्यांची ड्यूटी लिस्ट ग्रुपवर येते. कोणी वाण आणायचं, कोणी सतरंज्या, कोणी उखाणे घ्यायला लावायचे. माझ्या नावापुढे गेली नऊ वर्षं एकच काम असतं: तिळाचे लाडू, दोनशे एक्कावन्न. पाक गरम असताना वळायचे. मी त्या यादीकडे बघितलं आणि मला नुसत्या वाचनाने घाम फुटला.

ह्यांनी प्रकरण हाती घेतलं. कारखान्यातले सेकंड कागद आमच्याकडे रद्दीसारखे येतात, त्यामुळे किराण्याची यादीसुद्धा झेंडूच्या पाकळ्या घातलेल्या कागदावर होते. तसाच एक मोठा कागद घेऊन ह्यांनी पट्टीने दोन रकाने आखले. डावीकडे मथळा दिला, 'थायरॉईड'. उजवीकडचा मथळा लिहायला पेन टेकवलं, थांबले, कागदावर शाई पसरायला लागली, तेव्हा घाईने 'इतर' असं लिहिलं.

"घाम," हे म्हणाले.

सावनीने फोनला विचारलं. "दोनोंमध्ये येतो, पप्पा."

"झोप नाही?"

"दोनोंमध्ये."

"धडधड?"

"दोनों."

"केस?"

"पप्पा, हे सगळंच दोनोंमध्ये आहे."

ह्यांच्या आयुष्यात असा कागद आला नव्हता. कागद एकाच वेळी पास आणि रिजेक्ट कसा असेल? शेवटी ह्यांनी तिसरा रकाना आखला आणि 'स्वभाव' असा मथळा देऊन त्यात 'चिडचिड' लिहिलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हे जुनं आहे, आजारात धरता येणार नाही." मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही, मुद्दाम.

आमच्या वरच्या मजल्यावर घरमालकीण राहतात, द्वारकाजी. वय पासष्ट, आवाज पंचविशीचा, आणि सल्ला मागायची वाट बघण्याची सवय नाही. त्यांच्या मते माझा सगळा त्रास हा हिवाळ्यात गोंदाचे, म्हणजे डिंकाचे, लाडू न खाल्ल्याने झाला होता. मी म्हटलं, तुम्ही दिलेले चार खाल्ले, तेव्हापासून जास्तच गरम होतंय. तर म्हणाल्या, "तो आठ खाओ। चार से क्या होवे है?" मग त्यांची नजर माझ्या वेणीकडे गेली. त्या वर गेल्या आणि गोळ्यांची एक मोठी बाटली घेऊन आल्या. त्यांच्या सुनेने परदेशातून आणली होती आणि इथेच विसरून गेली होती. "बायोटिन छै। बाल घोड़े जैसे हो जावेंगे।" घोड्याचे केस मला नको होते, पण होते ते तरी राहावेत म्हणून मी रोज सकाळी दोन घ्यायला लागले.

स्टेशनाजवळच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे हे तो कागद सुरळी करून घेऊन गेले. डॉक्टरांनी सुरळी उलगडली, झेंडूच्या पाकळ्या बघितल्या आणि हसून विचारलं, "किसकी शादी है?" मग त्यांनी वाचलं. मग मला पाळीबद्दल विचारलं, आणि त्या क्षणी हे भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन जानेवारीतल्या एकादश्या बघू लागले. मी उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीपैकी काहीही असेल, आधी थायरॉईड तपासून घेऊ, ते सोपं आहे. "सोपं आहे" म्हटल्यावर हे कॅलेंडरपासून परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबचा माणूस घरी आला. त्याने फॉर्म भरला, दंडाला पट्टी बांधली आणि विचारलं, "कोई दवाई चल रही है?" मी ठामपणे नाही म्हणाले. आता केसांची गोळी औषधात मोडत नाही. ती वेणीफणीत मोडते. त्याने मेंदी लावता का असं विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. अर्ध्या तासापूर्वीच घेतलेल्या दोन गोळ्या माझ्या पोटात होत्या आणि माझं मन साफ होतं.

रिपोर्ट संध्याकाळी ह्यांच्या फोनवर आला. त्यात एक आकडा बाण लावून खाली गेलेला होता आणि दुसरा बाण लावून वर. वर नाव लिहिलं होतं, पंढरीनाथ मंदाकिनी, पुरुष, वय त्रेपन्न. मोबाइल ह्यांच्या नावावर म्हणून मी, मंदाकिनी, ह्यांच्यातच जमा झाले होते. मी हबकले. पण ह्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"बघ. रिपोर्ट पुरुषाचा आहे."

"मग?"

"मग 'ते' असायचा प्रश्नच येत नाही. थायरॉईडच."

इतकी वर्षं दोषांची वर्गवारी करून माणसाचा मेंदू असा होतो. तरी रिपोर्टवरचा माणूस मी आहे हे सिद्ध करणं भाग होतं, म्हणून आम्ही लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी जांभळी साडी, कुंकू आणि मंगळसूत्र घालून त्याच्यासमोर उभी होते. तो म्हणाला, "सिस्टम में तो मेल हैं। आधार लाइए।" मी आधार दिलं. तो म्हणाला, अर्जही लागेल. ह्यांनी खिशातून कागद काढून अर्ज लिहिला. त्याने पाकळ्यांवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, ऐसे कागज पर नहीं चलेगा, सादा लाओ. मला बाई व्हायला तीन कामाचे दिवस लागणार होते. मला आयुष्यात बऱ्याच गोष्टींसाठी रांगेत उभं राहावं लागलं आहे, पण यासाठी राहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आमच्या डॉक्टरांनी आकडे बघितले आणि गंभीर झाले. थायरॉईड जोरात धावतोय असं दिसतंय म्हणाले. त्यांनी टोंक रोडवरच्या थायरॉईडच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या नावाने चिठ्ठी दिली आणि गोळ्या त्याच ठरवतील असं सांगितलं. त्यांची वेळ आठ दिवसांनंतरची मिळाली.

ते आठ दिवस. मी ते विसरणार नाही.

ह्यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, "सौ. मंदाकिनी यांना थायरॉईड निघाला आहे." पाचव्या मिनिटाला सुधावहिनींचा फोन. "मंदाकिनीताई, तुम्ही सिक लिस्टवर. लाडवांचं मी बघते. हातपाय हलवायचे नाहीत." दुपारी कोणाकडून वरणभात आला, संध्याकाळी कोणाकडून थालीपीठ. द्वारकाजी वरून पायऱ्या उतरून बाजरीची राबडी, म्हणजे ताकातली पेज, घेऊन आल्या आणि माझ्या उशाशी बसून आपल्या नणंदेचा थायरॉईड पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून गेल्या. सावनीने स्वतःचे कपडे स्वतः धुतले. ह्यांनी चहा केला. तो चहा होता की नाही यावर मतभेद होऊ शकतील, पण केला. शाळेत मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अच्छा, थायराइड था, तभी।" आणि मोजणी दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात गेली.

कोरेगावहून सासूबाईंचा फोन आला. भागुबाई नाव असलं तरी त्यांनी भागूबाईपणा कधी केलेला नाही आणि दुसऱ्याचा खपवून घेतलेला नाही.

"मंदा, मानंला गाठ हाय का?"

"नाही, आई."

"मग दिसतं कुठं ते?"

"रिपोर्टात दिसतं."

"असं व्हय. कागदावर आलंय म्हंजे हायच की. पडून ऱ्हा बाई. कामं काय, रोजचीच हायेत."

लग्नाच्या चोवीस वर्षांत त्यांनी मला पडून राहायला सांगितल्याची ही पहिली वेळ. फोन ठेवला आणि मला रडूच आलं. घाम तोच येत होता, धडधड तीच होती, पण आता मला तिचा हक्क होता. दुपारी पंखा लावून मी पलंगावर पडायची आणि हे दुसऱ्या खोलीत स्वेटर घालून बसायचे, एक शब्द न बोलता. लोकांना वाटेल आजारपणात कसलं आलंय सुख. ज्यांना वाटेल त्यांनी आधी दहा वर्षं दुपारी जागं राहून दाखवावं.

नवव्या दिवशी आम्ही टोंक रोडला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी रिपोर्ट बघितला, मला वजनकाट्यावर उभं केलं, माझी मान चाचपली, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का बघितलं. मग खुर्चीत मागे रेलल्या.

"थायरॉईड इतना तेज़ हो तो वज़न गिरता है। आपका तो बढ़ा है।"

मला आपण चोरी करताना सापडलो आहोत असं वाटलं.

"बालों के लिए कुछ ले रही हैं?"

मी द्वारकाजींच्या बाटलीबद्दल सांगितलं. किती घेता विचारलं तर सांगितलं दोन. त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी समजावलं की या गोळीने थायरॉईडला काही होत नाही, पण काही तपासण्यांचे आकडे चुकतात. धड असलेला थायरॉईडसुद्धा धावताना दिसतो. बाटली बंद करा, तीन दिवस जाऊ द्या, मग पुन्हा रक्त द्या. परतताना हे रिक्षात म्हणाले, "म्हणजे आता थायरॉईड आहे की नाही?" मी म्हटलं, "सध्या निलंबित आहे." लाडवांचं काय, हा प्रश्न ह्यांनी विचारला नाही. पण मी मनात धरून बसले होते.

तीन दिवसांनी रक्त दिलं. या वेळी रिपोर्टावर मी स्त्री होते आणि एकही बाण नव्हता. सगळे आकडे आपापल्या जागी, शाळेच्या प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे. ह्यांनी तो रिपोर्ट घेऊन उजेडासमोर धरला. वाटलं आता शिक्का मारतात की काय. "पास," असं म्हणालेही. आणि मला विचारायच्या आधी ग्रुपवर टाकलं, "देवाच्या कृपेने सौ.चा थायरॉईड नॉर्मल." खाली अभिनंदनाचे हात, फुलं, फुगे. मी ते फुगे बघत बसले. असं अभिनंदन कोणाचं होतं ते मला माहीत आहे. ज्याच्याकडचं काहीतरी नुकतंच गेलेलं असतं त्याचं. माझं दुखणं सरकारजमा झालं होतं. दुपारी पलंगावर टेकले तर सावनीने दारातून विचारलं, "मम्मी, आता तर तू ठीक आहेस ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही रिपोर्ट दाखवायला पुन्हा टोंक रोडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पेन उचललं नाही. पाळीचं विचारलं, कधीपासून, किती दिवसांनी. गरमीची लाट कुठून सुरू होते, छातीतून का मानेतून. दिवसातून किती वेळा. झोपेतून उठून बसावं लागतं का. रडू येतं का. मी सांगत गेले. कॅलेंडर त्या खोलीत नव्हतं, म्हणून हे आपल्या बुटांकडे बघत बसले.

"ये मेनोपॉज़ की शुरुआत है," त्या म्हणाल्या. "थायरॉईड नॉर्मल है, इसका मतलब ये नहीं कि तकलीफ़ नहीं है। तकलीफ़ पूरी है। इलाज भी है। मैं लेडी डॉक्टर के नाम चिट्ठी दे रही हूँ।"

ह्यांचं ऐकणं 'नॉर्मल'पाशी थांबलेलं असतं, हे मला माहीत होतं. पण हे पुढे सरकून बसले.

"मॅडम, इसका कोई टेस्ट? रिपोर्ट वगैरह?"

"पैंतालीस के बाद इसका टेस्ट नहीं करते।"

"फिर पता कैसे चलता है?"

"पूछ लेते हैं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपने पूछा था?"

पंढरीनाथ या माणसाचं काय झालं ते मी शेजारी बसून बघितलं. एकवीस वर्षं कागद उजेडासमोर धरणारा माणूस, आणि इथे कागदच नव्हता. चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि माझ्यासाठी दार उघडून उभे राहिले. असं ते फक्त बँकेच्या मॅनेजरसाठी करतात.

रिक्षा टोंक रोडवर अडकली होती. हे समोर बघत म्हणाले, "तुला नेमकं काय होतं?"

मी सांगितलं. आधी थोडक्यात सांगणार होते, पण सिग्नल मोठा होता. सांगितलं की छातीतून उकळी वर येते आणि कान पेटतात. सांगितलं की रोज उठताना असं वाटतं, कालचा दिवस संपलाच नाही. सांगितलं की शाळेत एक दिवस मला 'इतिहास'चं कपाट कुठलं तेच आठवेना, आणि मी तिथेच उभी राहून घाबरले, आता आपलं डोकंही चाललं म्हणून. मला राग येतो तेव्हा तो माझा मलाच परका वाटतो, हेही सांगितलं. रिक्षावाल्याने गाणं बारीक केलं होतं. मी थांबले तेव्हा आरशातून बघून तो म्हणाला, "बोलिए भाभीजी, मेरे घर में भी यही चल रहा है। मैं समझा, लड़ाई चल रही है।"

सिंधी कॅम्पच्या बसस्टँडपाशी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "तो स्वभावाचा रकाना मी खोडतो." मला बरं वाटलं, पण खरं सांगते, मी इतकी दमले होते की बरं वाटून घ्यायलाही अंगात त्राण नव्हतं.

घरी येऊन मी आडवी झाले. लेडी डॉक्टरची वेळ पुढच्या मंगळवारची होती. तोवर मी कोण होते? आजारी नाही, बरी नाही. हळदीकुंकू रविवारी होतं. चार वाजता दाराची बेल वाजली आणि कोण आलं ते मला कळलं, कारण सुधावहिनींची बेल दोनदा वाजते, मधे बरोबर तेवढंच अंतर सोडून.

ह्यांनी दार उघडलं. पलंगावरून मला दोघं दिसत होते. वहिनींच्या एका हातात तिळाची पिशवी, दुसऱ्या हातात गुळाची. काखेत ड्यूटी लिस्टचा कागद.

"भाऊजी, ग्रुपवर वाचलं. सुटलो बाई. म्हणजे आता लाडू ताईंकडे परत. आज तीळ भाजून ठेवले तर उद्या वळून होतील."

मी उठायला लागले. सवयच ती, पाय आपोआप खाली आले. हे दारातून हलले नाहीत.

"वहिनी, तिच्याच्याने होणार नाही."

"का? नॉर्मल आलं ना?"

"थायरॉईड नॉर्मल आलाय." ह्यांचा चष्म्याकडे हात गेला. मला वाटलं आता पुसतात. हात परत खाली आला. "तिची पाळी जायची वेळ आलीय. तिला झोप लागत नाही. घाम येतो, धडधडतं, भीती वाटते. ती दमलेली आहे. याचा रिपोर्ट नसतो, मी विचारून आलोय. लाडू आम्ही नाही करणार यंदा. म्हणजे ती नाही करणार."

वरून द्वारकाजींच्या पायऱ्या उतरण्याचा आवाज येत होता तो मधेच थांबला. माझे कान पेटले आणि या वेळी ती उकळी नव्हती. ज्या माणसाने चोवीस वर्षं दुकानात जाऊन पाळीची ती वस्तू कधी मागितली नाही, त्याने तो शब्द उघड्या दारात, सुभेदारांच्या बायकोसमोर, संपूर्ण बिल्डिंगला ऐकू जाईल असा उच्चारला होता. मला लाज वाटायला हवी होती. मला फक्त पुन्हा पाय वर घ्यावेसे वाटले, आणि मी घेतले.

सुधावहिनी हुकूम सोडतील असं वाटलं. त्यांनी पिशव्या जमिनीवर ठेवल्या.

"भाऊजी, मी दोन मिनिटं आत बसू का?"

त्या आत आल्या, खुर्चीवर बसल्या, आणि पंखा चालू आहे हे बघून चेहरा त्याच्याकडे केला. मग त्यांनी स्वेटरचं वरचं बटण काढलं, मग खालचं. आत ब्लाऊज घामाने अंगाला चिकटलेला होता.

"दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. आवाज ड्यूटी लिस्टवाला नव्हता. "ह्यांना सांगितलं तर म्हणतात, थंडीत फिरून येत जा. मी फिरून येते. परेड ग्राउंडला चकरा मारते आणि घरी येऊन बाथरूममध्ये बसते. तिथे कोणी विचारत नाही."

मी पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला सरकले. त्यांनी बघितलं. त्या इतकी वर्षं या घरी येतात, पण खुर्चीवर ताठ बसून चहा घेऊन जातात. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला, सोडला, आणि कडेला टेकल्या. मग हळूच पाय वर घेऊन पाठ टेकली. दोघी छताकडे बघत पडून राहिलो. पंख्याचा वारा बर्फासारखा येत होता आणि दोघींपैकी कोणालाही तो पुरत नव्हता.

स्वयंपाकघरातून कढई खाली पडल्याचा आवाज आला. मग ह्यांचा आवाज, "गूळ आणि तीळ, सारखे घ्यायचे का?"

वहिनी उठायला लागल्या. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"पडा," मी म्हणाले.